बसल्या बैलाचा चारा

पन्नालालकाका,

तुमच्या उठावण्याला, तिसऱ्या दिवशीच्या त्या शोकसभेला, मी सगळ्यांच्या मागं, चपलांच्या ढिगापाशी बसलो होतो. जालन्याहून आलेले तुमचे पाहुणे एकेक करून बोलले. दानशूर म्हणाले, धर्मात्मा म्हणाले, गोरगरिबांचा आधार म्हणाले. एकानं तर डोळे मिटून तुम्हाला मुक्या जनावरांचा बाप करून टाकलं. मला सारखं वाटत होतं, आता तुम्ही आतल्या दारातून चष्मा कपाळावर चढवून याल आणि विचाराल, "लीडर, हे तुझ्या पत्रकातलं तर न्हाई?"

मला कोणी बोल म्हटलं नाही. ज्यानं छापील पत्रकात नाव घेऊन तुम्हाला स्वार्थी म्हटलं, त्याला तुमच्या उठावण्याला कोण उभं करणार? बरंच झालं. मला दानशूर म्हणता आलं नसतं. तुम्ही दानशूर नव्हता. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं आणि तुम्ही त्यावर मान डोलावली होती. आता माणूस गेला म्हणून शब्द कशाला फिरवू?

पण बोलायचं बरंच राहून गेलं. दमलोय मी, काका. गावोगाव जाऊन एकच गोष्ट सांगायची, लोकांनी "बराबर हाय" म्हणायचं आणि उठून घरी जायचं, याचा शीण चालण्याच्या शिणापेक्षा वेगळा असतो. तो घेऊन मी टेंभुर्णीला परत यायचो, तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो, आणि तुमच्याशी भांडलं की उतरायचा. आता त्या पायरीवर सरकीची पोती रचलीत.

आपलं पहिलं खरं भांडण आमच्या गोठ्यासमोर झालं. गेल्या चैत्रातली गोष्ट. वऱ्हाडाकडून बुळकांडी सरकत येते आहे अशी खबर होती. ढाळ लागून, तोंडात फोड येऊन, उभ्या दावणी रिकाम्या करणारा तो रोग आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना निजामाच्या राज्यापासून ठाऊक होता. आता लस निघाली होती आणि सरकार ती फुकट टोचत होतं. जनावरांचा डॉक्टर, आपल्याकडं ज्याला अजून सलोत्रीच म्हणतात, तो जाफराबादेहून यायला तयार होता. मी जालन्याच्या छापखान्यातून पत्रकं आणली. 'लस फुकट आहे, मग बैल का मारता?' असा ठळक मथळा होता, माझाच. घरोघर वाटली. एक माणूस तयार होईना. मला सगळीकडं अज्ञान दिसायला लागलं. पत्रकं लिहिणाऱ्याला ते फार लवकर दिसतं.

आणि सगळ्यात पहिला नकार माझ्या घरातला, बापाचाच. दादा बैलांना पाणी दाखवत होते.

"टोचली की बैलाला ताप येतो, हे लिवलंस का?"

"थोडा येतो. उतरतो."

"उतरंपर्यंत जुपायचा न्हाई, आसंच ना?"

"नाही जुपायचा. आराम द्यायचा."

"मंग तोवर त्याला बसवून खाऊ कोन घालनार? तुझं पत्रक टाकू का गव्हाणीत?"

तुम्ही तेव्हा ओट्याजवळ उभे होता. कापसाच्या गाड्या ठरवायला आला होता. दादांची जोडी तुमचाच माल जालन्याच्या जिनिंगला न्यायची. तुम्ही मोठ्यानं हसलात. मी म्हणालो, शेठ लोकांना हसायला काय जातंय.

"हासू न्हाई तर काय करू? तुझा बाप तुला भाव सांगून राह्यला, अन् तू त्याला भाषण देऊन राह्यलास."

त्या दिवशी मला तुमचा राग आला, आणि रात्री झोपताना राग आला तो पत्रकाचा. लस फुकट होती. लशीनंतरचे दिवस फुकट नव्हते. चैत्रात गाडीचं भाडं मिळतं तेव्हाच घरात चार पैसे येतात, आणि चैत्रात दावणीला उभं राहून बैल जो कडबा खातो तो पेरणीपूर्वी कमी पडतो. हे मला शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक नव्हतं का? होतं. पण पत्रकात ते बसत नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निरोप धाडला. दुकानात गेलो तर म्हणालात, "सलोत्र्याच्या राहन्याचं, जेवनाचं मी बघतो. पुढचं बसून बोलू." मी खूश. चहा आला. आणि चहा पिता पिता तुम्ही सहज विचारलंत, "ती लस बनती कशाची?"

मी सांगितलं. बकऱ्याला रोग देतात, मग त्याला मारतात, आणि त्याच्यातून ती काढतात. मला खरं सोडून दुसरं काही सांगता येत नाही. तुमची बशी तोंडाजवळ थांबली ती तशीच खाली गेली.

"मंग माझ्याकून एक दमडी न्हाई. सलोत्र्याला माझ्या ओट्यावर बी बसवू नको."

"काका, एक बकरा मरतो अन् त्यावर गावंच्या गावं बैल जगतात. एवढा साधा हिशोब तुम्हाला कळू नये?"

"हिशोब बराबर हाय. त्यात चूक न्हाई. पन बकऱ्याचं खातं कुठं हाय त्यात? जो मरतो त्याचा खर्चा कुनीच मांडत न्हाई. सरकार बी न्हाई, तू बी न्हाई."

"तुम्ही मांडता?"

"मी निस्ता बाजूला बसतो."

बाजूला बसायला गोदाम भरलेलं लागतं, असं म्हणून मी उठलो. तुम्ही चहाचा कप माझ्या हातात परत दिलात. "पिऊन जा. चहानं कुनाचा जीव घेतला न्हाई."

मला वाटलं, संपलं. शेठ आणि धर्म, दोन्ही एकाच दारानं आत गेले आणि कडी लागली. पण तुम्ही परत आलात. आमच्याच गोठ्यासमोर, आणि बोललात माझ्याशी नाही, दादांशी.

"किसनराव, टोचायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा. मला त्यात घालू नका. पन ज्याचा बैल आरामाला दावणीला बांधलेला हाय, त्याचा चारा माझ्या कडब्याच्या गंजीतून. मधी कुनी जुपला तर चारा बंद. सगळे एकदम बसवू नका, आधी खालची आळी, मंग वरची, म्हंजी गावाचं काम आडनार न्हाई. अन् हंगामात गाड्या सुरू झाल्या की पयला माल माझा. भाडं बाजाराचं, कमी न्हाई, जास्त न्हाई."

शेवटच्या वाक्याला मी उसळलो. पहिला माल माझा. म्हणजे दया बैलाची आणि फायदा कापसाचा. मी म्हटलं, हे मी छापणार.

"मंग छाप ना. स्वार्थ म्हनूनच छाप. धरम म्हनलास तर लोक इचार करतील, ह्याच्या मनात काय हाय. स्वार्थ म्हनलास की भरवसा बसंल."

मी रागानं छापलं. 'चारा शेठचा, स्वार्थही शेठचाच.' दोन रकान्यांत. आणि वाटून आलो तर लोक बैल घेऊन निघालेले. आमच्या शेजारचे तुकाराममामा पत्रकाची घडी करून टोपीत ठेवत म्हणाले, "शेठ फुकट देऊन राह्यला आसता तर मी घेतला नस्ता बाबा. शेठचं फुकटचं लई महाग पडतं. आता कळलं त्याला काय पायजे, मंग बराबर हाय." माझं त्या सालातलं सगळ्यात कामाला आलेलं पत्रक तेच, काका. तुमची बदनामी करायला काढलेलं.

सलोत्री आला, देवळामागच्या लिंबाखाली बसला. तुम्ही त्या बाजूला फिरकला नाही. पण तुमच्या गंजीवरून पेंढ्या उतरत होत्या, आणि कोणाचा बैल टोचून आला हे विचारल्याशिवाय तुम्हाला कळत होतं. दादांचा पवळ्या तापानं मान टाकून उभा राहिला तेव्हा दादांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच ताप दिलाय. तुम्ही येऊन त्याच्या कानाला हात लावलात, कडब्याची कोवळी टोकं निवडून त्याच्यापुढं टाकलीत आणि गेलात. पवळ्या तिसऱ्या दिवशी खायला लागला.

शेवटी सलोत्र्यानं मला विचारलं, शेठच्या वाडग्यातली राहिली का? दुकानामागच्या त्या कुंपणात तुमची भाकड जनावरं होती, बाजारातून सोडवून आणलेली. कुणाला दात नाहीत, कुणाला एक डोळा नाही. तुम्ही त्यांना नावं देत नव्हता. नाव दिलं की आपली झाली, मंग तिच्याकून काही पायजे वाटतं, म्हणायचात. मी येऊन म्हणालो, टोचून घ्या, तुमच्या पैशाचा संबंध नाही, सरकारची लस आहे. तुम्ही वाडग्याचं फाटक ओढून घेतलंत.

"बैल तुमचे हायेत, तुमी ठरवलं. ह्या माझ्या भरवशावर हायेत. ह्यांच्यापायी दुसऱ्याचा जीव नको."

दिवाळीच्या सुमारास बुळकांडी आली. वेशीनं आली नाही. तुमच्या वाडग्यातूनच आली. बाजारातून आणलेली एक तांबडी गाय सकाळी डोळ्यांतून पाणी गाळत उभी होती, आणि सलोत्र्यानं तिच्या तोंडात पाहून मान हलवली. मग एकामागून एक. दादांनी आणि खालच्या आळीतल्या लोकांनी खड्डे खणले, चुना टाकला. तुम्ही फाटकाला धरून उभे होता. शेवटची पुरून झाली तेव्हा तिथं तुम्ही आणि मी, दोघंच राहिलो.

"लीडर, तुझी लस टोचली आस्ती तर ह्या वाचल्या आस्त्या. म्हन की."

"वाचल्या असत्या."

"हां. बराबर."

मग म्हणालात, "तरी मी टोचू दिली नस्ती."

त्यावर मला उत्तर द्यायचं होतं, काका. माझ्याकडं त्या क्षणी तीनचार पत्रकं पुरतील एवढा मजकूर होता. हट्टाला धर्म म्हणू नये, स्वतःच्या मनाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्याचा जीव घालवू नये, असलं सगळं. तुमच्या धोतराला चुना लागला होता आणि तुम्ही रिकाम्या वाडग्यातलं पाण्याचं डोणं उपडं करत होता. मी डोण्याची दुसरी बाजू धरली. बोलायचं राहिलं ते राहिलंच. आणि ते मत माझं अजून तसंच आहे, हेही सांगतो.

गावातला एकही बैल मेला नाही. शेजारच्या गावांत मात्र दावणी ओस पडल्या. तिकडून मरीआईचा गाडा आपल्या वेशीवर आणून सोडला, म्हणजे रोग आता तुमचा, पुढं ढकला. आपल्या लोकांनी तो पुढच्या शिवेपर्यंत ओढायला घटकेत वर्गणी काढली. ज्यांनी चैत्रात मला हात हलवत परत धाडलं होतं त्यांनीही. मी चिडून तुमच्याकडं आलो, तर म्हणालात, "छत्री पावसातच इकती. दुकानदाराला इचार." मी म्हटलं, मग उन्हाळ्यात छत्री घ्यायला लावायची कशी? तुम्ही म्हणालात, "उन्हाळ्यात ती सावलीसाठी इकायची." मी हसलो नाही. आत्ता लिहिताना हसू येतंय, आणि ते ऐकायला कोणी नाही.

मग कापसाचा हंगाम लागला. आसपास गाड्याच नाहीत, भाडं चढलं, व्यापारी ढिगावर बसून राहिले. ट्रक आपल्या काळ्या रानात यायला तयार नाही. टेंभुर्णीच्या गाड्या मात्र चालू, आणि पहिला माल तुमचा. भाडं तुम्ही बाजाराचंच दिलंत, चढलेलं. गाव म्हणालं, शेठचं फावलं. खरंच होतं. गाववाल्यांचंही फावलं होतं, ते कोणी म्हणालं नाही. आणि वाडगं रिकामं होतं, तेही. त्या हंगामात तुम्ही कमावलंत की गमावलंत, हे मला आजवर मांडता आलेलं नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर म्हणाला असतात, "तुला काय पायजे ते छाप."

हे सगळं मी आज का उकरतोय ते सांगतो. उठावणं झाल्यावर पाहुणे पांगले आणि मी शांतिलालकडं गेलो. तुमचा शांतिलाल माझ्याच वर्गातला, पण आता गादीवर बसला की मला अहोजाहो करतो. सलोत्री परत येणार आहे. यंदा नवे घेतलेले बैल आहेत, गोऱ्हे जुपायला आलेत, त्यांना कोणाला टोचलेलं नाही. आणि तुमची गंजी मागं उभी आहे, शिगोशीग. शेजारच्या गावांत बैलांवाचून रब्बी पेरली गेली नाही, त्यामुळं कडब्याला कधी नव्हता तो भाव आलाय. देऊळगावचा एक व्यापारी तुमची तिसरी रात्र सरायच्या आत भाव विचारून गेला.

"ह्या साली रोग कुठंय?" शांतिलाल म्हणाला.

"गेल्या चैत्रात तरी कुठं होता?"

"तवा बाबूजी होते. त्यांचा धरम होता तो. मला दुकान चालवायचंय."

इथंच मी थकतो, काका. बैल मेले असते तर शांतिलालनं गंजी सोडली असती. बैल जगले, म्हणून त्याला वाटतं काही झालंच नव्हतं. जे घडलं नाही त्याचा खर्चा कोणाकडं मागायचा? मी हे सरकारला विचारलंय, सभेत विचारलंय. माझं तुमच्याशी शेवटपर्यंत भांडण होतं की हा चारा सरकारनं द्यावा, लशीबरोबर द्यावा, शेठच्या मर्जीवर गाव का जगवायचं? तुम्ही म्हणायचात, "सरकार देईल तवा दे म्हन. तवर बैल काय खाईल?" आज तुमची मर्जी संपली आणि माझं म्हणणं खरं ठरलं. एक माणूस उभ्या उभ्या, काट्यावर पोतं चढवता चढवता मरतो आणि सगळ्या गावाची तयारी त्याच्याबरोबर उठून जाते. खरं ठरल्याचा मला काडीचा आनंद नाही.

मला शांतिलालला धर्म सांगायचा मोह झाला. तुझ्या बापाची आठवण, मुक्या जनावरांचा बाप, वगैरे. उठावण्यातले शब्द ताजे होते, कामाला आले असते. मग मी तुमच्यासारखा बोललो.

"धर्म नव्हता तो. दिवाळीनंतर कोणाच्या गाड्या चालल्या? कोणाचा कापूस आधी गेला? देऊळगाववाला आज भाव देईल. पुढच्या हंगामात गाडी देईल का?"

तोही तुमच्यासारखाच चष्मा कपाळावर चढवतो, हे मला तेव्हा दिसलं. त्याला अजून चष्म्याची सवय नाही, तो खाली घसरतो.

"अर्धी गंजी इकीन," तो म्हणाला. "अर्धी ठेवतो. पन पयला माल माझा."

"पहिला माल तुझा," मी म्हटलं. "मीच छापतो."

अर्धी गंजी पुरणार नाही. वरची आळी कुरकुरेल. पण निघाली.

जाता जाता त्यानं गादीवरून उठून मला मागं नेलं. वाडग्यात एक गाय होती. पांढरी, एका शिंगाची, बरगड्या मोजाव्या अशी. तुम्ही जायच्या आदल्याच बाजाराहून ती आणलीत, आणि मला सांगितलं नाहीत. इतके महिने तुम्ही ते वाडगं रिकामं ठेवलंत, मला वाटलं होतं आता आणणार नाही.

"हिचं काय करायचं?" शांतिलालनं विचारलं. "सलोत्री आला तर टोचायची का न्हाई? बाबूजी न्हाई म्हनले आस्ते. मला पाप नको. तू बघ."

काका, तुम्ही गेल्यावर तुमच्याकडून मला मिळालं ते हे. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. बकऱ्याला कुनी इचारलं. त्यावर नव्या पत्रकात मी एवढंच केलंय: लस फुकट आहे, असं यंदा लिहिलेलं नाही. लशीसाठी बकरा मरतो, सरकार ती टोचतं, शेठ चारा देतो, गाडीवाला भाडं सोडतो, असं लिहिलंय. आणि बकरा पहिला लिहिलाय. छापखान्यातला अक्षरजुळारी म्हणाला, हे कशाला, लोक बिथरतील. मी म्हटलं, राहू द्या. एका माणसाचं म्हणणं होतं.

आणि गाय मी लिंबाखाली नेणार आहे. तिच्या गळ्यातलं दावं धरून, सगळ्यांच्या देखत. तुम्ही फाटक ओढलं असतं. आता ते ओढायला तुम्ही नाही, आणि तुमच्या माघारी मी तुमचा शब्द मोडतोय, तेव्हा तो चोरून मोडणार नाही. तांबडीचे डोळे मी पाहिलेत. ही माझ्या भरवशावर आहे. तुमचाच शब्द वापरतोय.

ती कामाची नाही, तिचा कुठला दिवस बुडणार नाही, म्हणजे आपल्या ठरावाप्रमाणं तिला चारा लागू नाही. मी शांतिलालला तसं म्हणालो. त्यानं गंजीवरून एक पेंढी ओढली, माझ्याकडं न बघता तिची कोवळी टोकं निवडली आणि तिच्यापुढं टाकली.